परमिट

आमच्या भागात वावराची लाइन रात्री असते,
हरभऱ्याला पाणी बारानंतर.
तार तुटली की फोन शांतवनलाच येतो.
अर्धी भाकर तो टोपल्यात परत ठेवतो,
कानटोपी ओढतो,
आणि दारातच उभ्या उभ्या आम्ही डोळे मिटतो.
प्रार्थना लांबली तर दूध उतू जातं,
म्हणून चारच वाक्यं.
माझं आमेन होईस्तोवर गाडीला किक बसलेली असते.

एकदा नेलं होतं त्यानं मला, बॅटरी धरायला.
खांबाखाली उभं राहून सबस्टेशनला फोन लावला.
पलीकडून घोगरा आवाज,
"बंद केली गा तायडे. चढ."
एवढंच.
ना चेहरा, ना हातात कागद.
सात कोसांवरून कुणी एक म्हणतो चढ
आणि माझा नवरा चढतो.

"तुले भेव नाई वाटत?"
"गजबेभाऊ अकरा वर्सांत चुकला नाई."
आणि तरी, चढायच्या आधी,
थैलीतून साखळी काढली त्यानं,
लांब काठीनं तिन्ही तारांवर अडकवली,
दुसरं टोक ओल्या मातीत ठोकलं.
"एवढा इश्वास हाय, तं हे काहून?"
"आलाच करंट," तो म्हणाला,
"तं जमिनीत जाईन. माह्यातून नाई."

पाळक महिन्यातून दोनदा येतात, दारव्ह्याहून, मोटरसायकलवर.
म्हणतात, विश्वास असला की शंका राहत नाही.
मी दर शनिवारी चर्च झाडते.
बाकांखालून सरक्या निघतात, पोरांची चिंचोके निघतात,
एकदा कुणाचा तरी चष्मा.
शंका म्हणाल तर माझ्या एकटीच्याच टोपलंभर निघतील.

एस्तेर सातव्या महिन्यातच जन्मली, दोन दिवस राहिली.
त्या वर्षी मी देवाशी बोलले नाही.
चर्च मात्र झाडत होते, गुमान.
सुलामीतमावशी रोज दिवेलागणीला यायची,
माझ्यासमोर तुरीची डाळ निवडत बसायची.
एक शब्द नाही.
ओठ तेवढे हलायचे तिचे, खड्यांकडे बघत.
जाताना डाळ माझ्याकडे सारायची,
"टाक आता शिजायले."
वर्षभर आमच्या घरात डाळीत खडा लागला नाही.

त्या रात्री खांबाखाली, बॅटरी धरून,
मला ती आठवली. का ते सांगता येणार नाही.
साखळी हलत होती वाऱ्यानं
आणि तिचं मातीतलं टोक मुळीच हलत नव्हतं.

मागच्या गुरुवारी बाजारात शांतवननं एकाला हाक मारली.
बारका माणूस, नाक गळतंय,
मेथीच्या जुडीवरून भाव करतोय.
"हेच गजबेभाऊ."
मी नमस्कार केला, पण पाहतच राहिले.
ह्यांच्या एका शब्दावर?
त्यांनी खिशातून रुमाल काढला,
"वहिनी, मी स्विच पाडतो ना,
तवा दोनदा पाहून घेतो," म्हणाले.
न विचारताच.

आताही तो गेलाय. नदीपलीकडे, बोरीच्या शिवारात.
गावात मिट्ट अंधार.
शेजारचा अशेर ओट्यावरून ओरडतो,
"लाइट कवा येईन वं काकू?"
मी चारच वाक्यं पुन्हा म्हणते.
मधलं एक विसरते, तिथं नुसती थांबते.
दूध कोमट करून ठेवलंय.
कुत्रं भुंकतं, गप्प होतं.

आणि मग चर्चच्या दारावरचा बल्ब लागतो,
शनिवारी बंद करायचा राहिलेला.
मग अशेरचा टीव्ही, पिठाची गिरणी,
सगळी आळी एकदम ओरडते,
"आली, आली!"

माझ्या तोंडून निघतं,
उतरला.